डावीकडची शिट्टी

उजव्या हाताचं एक बोट वर करायचं आणि म्हणायचं, "चूप!" वकीलसाहेबांची ही सवय कोर्टातून घरी आली होती. कोर्टात त्या बोटापुढे साक्षीदारांची बोबडी वळायची, घरात काकूंची. पुढे वकिली सुटली, बोट काही सुटलं नाही.

अमरावतीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता रेडिओ कोण दुरुस्त करून घेतो? त्यामुळे असली गिऱ्हाइकं सांभाळून घ्यावी लागतात. साहेबांकडे हेडफोनला जोडायचा एक अॅम्प्लिफायर होता. त्यात जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दोन व्हॉल्व्ह, एक डाव्या कानाचा, एक उजव्या. रोज संध्याकाळी ते हेडफोन चढवून जुनी गाणी ऐकत. एकदा त्यांनी तो माझ्या कानांवर ठेवला. सूर लावण्याआधी गाणारीनं घेतलेला श्वास मला ऐकू आला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू?

"आयकलं ना? काढ आता," साहेब म्हणाले. "तुह्या डोक्याचं तेल लागून राहिलं त्याले."

पहिल्यांदा त्यात उजवीकडे खरखर आली तेव्हा मी पेन्सिलीनं त्या बाजूच्या व्हॉल्व्हला हळूच ठोकलं. खरखर वाढली. मग दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली, तर खरखर डावीकडे गेली. म्हणजे यंत्र साव, व्हॉल्व्ह चोर. "याले म्हन्तात पुरावा!" साहेब खूश झाले. काकू दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. बोलत नव्हत्या, हे वेगळं सांगायला नको. अकोल्याच्या एका जुन्या दुकानातून मी दुसरा व्हॉल्व्ह आणून बसवला आणि विषय मिटला.

पुढच्या उन्हाळ्यात डावीकडे बारीक शिट्टी वाजू लागली. मला ती ऐकू येईना, पण साहेबांसमोर माझ्या कानांची काय किंमत! व्हॉल्व्हची अदलाबदल केली, शिट्टी डावीकडेच. दोन्ही व्हॉल्व्ह नवे घातले, खालचे सॉकेट घासून काढले, सोल्डरिंगचे टाके नव्यानं मारले. शिट्टी जागची हलेना.

"मिस्त्री, तू कारागीर नाई, खाटीक हायेस," ते शेजाऱ्यांसमोर म्हणाले. मी ऐकून घेतलं. मनात शिव्या घातल्याच.

हेडफोन काढला तरी ती शिट्टी त्यांना ऐकू येई. मग यंत्राच्या जोडीला घरातलंही काहीतरी वाजत असणार, असा त्यांनी निकाल दिला. आधी फ्रिज बंद झाला. मग कुकर; काकू पातेल्यात भात शिजवू लागल्या. मग भर मे महिन्यात कूलर. अमरावतीचा मे ज्यानं काढलाय त्यालाच कळेल मी काय म्हणतोय ते. शेवटी पाळी आली काकूंच्या काचेच्या बांगड्यांची. "किनकिन माह्या डोक्यात जाते, काढ त्या!"

काकूंचे मोकळे हात पाहून फुलवालीनं विचारलं, "वकीलसाहेब कधी गेले वो?" काकूंनी घरी येऊन ते सांगितलं, तेव्हा मी तिथंच यंत्र उघडून बसलो होतो. साहेब म्हणाले, "मंग रडून दाखवाचं होतं थोडंसं." आणि स्वतःच हसले. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, तुम्हीही पाहिला नसेल.

त्याच दिवशी त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. हेडफोन त्यांच्या डोक्यावर होता, बोट वर होतं. "दोष तुहा नाई याचा पुरावा काय?"

काकू स्वयंपाकघरातून आल्या. काही न विचारता त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावरचा हेडफोन उचलला, उलटा फिरवला आणि परत ठेवला. डाव्या कानाचं उजव्यावर, उजव्याचं डाव्यावर.

"आता कोनीकडं वाजते जी?"

"डावीकडंच!" साहेब खेकसले.

"भाऊ, बंद करा ते यंत्र."

मी बटण दाबलं. व्हॉल्व्हचा तांबूस उजेड मालवला. घरातलं बाकी सगळं तर आधीच बंद होतं.

"आता?"

साहेबांचं बोट वरच राहिलं. तोंडावरचा रंग उतरला. "वाजून राहिलं," ते कसंबसं म्हणाले.

"मंग व्हॉल्व्ह बी चांगला, अन् मिस्त्री बी चांगला," असं म्हणून काकू पोळ्या लाटायला निघून गेल्या. मला हसू फुटलं आणि मी ते दाबलंही नाही.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आवाज कानातला आहे आणि तो जाईल असं दिसत नाही. तो घेऊनच जगायचं. फक्त शांततेत बसू नका, तिथं तो जास्त छळतो.

हिवाळ्यात साहेबांनी मला बोलावलं. लोक स्वेटर घालून हिंडत होते आणि त्यांच्या घरात कूलर सुरू होता, पाणी न भरता, नुसत्या घरघरीसाठी. पुढ्यात साहेब शाल आणि कानटोपीत काकडत बसलेले. अॅम्प्लिफायरवर धूळ साचली होती.

"तिले सांग ना, काई तरी बोल म्हना," ते म्हणाले. बोट वर नव्हतं, दोन्ही हात गुडघ्यांवर होते. "शिव्या दे म्हना, पन बोल. मी सोता जाऊन बांगड्या आनल्या रे तिच्यासाठी."

आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची कीव आली.

मी आत गेलो, मागोमाग साहेबही दारापर्यंत आले. काकू खाली बसल्या होत्या, पुढ्यात नव्या हिरव्या बांगड्या. एकेक बांगडी त्या वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळून डब्यात ठेवत होत्या.

"फुटतील म्हणून का काकू?" मी विचारलं.

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं.

"नाई भाऊ," त्या म्हणाल्या. "वाजू नाई म्हनून."