दाराच्या आतलं कुंकू

आमचे हे, जयदेव, यंत्रावर जीव टाकणारा माणूस. घरातला मिक्सर महिनाभर बंद पडला तरी ढिम्म हलणार नाहीत, पण अंबरनाथच्या लॅबमधलं सोनं चढवायचं मशीन जरा कुरकुरलं की रविवारीसुद्धा बदलापूरहून धावत निघणार!

मशीन म्हणजे एक बंद पेटी. आतली हवा काढून घ्यायची, सोनं तापवायचं, त्याची वाफ काचेवर बसवायची. थर इतका पातळ की त्यातून पलीकडचं दिसतं. त्यावर किर्ती एका अणूच्या जाडीचा पापुद्रा ठेवायची. त्या दोन्हींच्या मधे प्रकाश कोंडायचा आणि हव्या त्याच रंगाला उजळवायचा, ही तिची पीएचडी. पोरगी उल्हासनगर कॅम्प तीनची, बापाचं जीन्स शिवायचं दुकान. यांना काका म्हणायची.

यांची आधीची तीस वर्षं कारखान्यात गेली, मग या लॅबमध्ये मशीन सांभाळायला लागले. खंडेनवमीला पूजा केल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, ही सवय. लॅबमध्ये किर्तीच्या गाइड सरांची सक्त ताकीद, हळदकुंकू नको. मग या शहाण्याने काय करावं? पेटीच्या दाराला आतून, वरच्या कोपऱ्यात, कुंकवाचं बोट लावलं. कोणाला दिसायला नको म्हणून! अहो, जिथे धुळीचा कण चालत नाही तिथे कुंकू?

किर्तीच्या काचा बिघडायला लागल्या. दर काच वेगळ्याच रंगाला उजळायची. दिवाळीच्या सफाईत यांनी पाहिलं, कुंकू अर्धंअधिक उडालेलं, म्हणजे सोन्याबरोबर काचांवर बसत होतं. गुपचूप सगळं घासून टाकलं. काचा पुन्हा नीट यायला लागल्या आणि तिथेच घात झाला. सर तिला म्हणाले, "मधे काहीच बदललं नाही, मग आकडे सुधारले कसे? तू बनवलेस."

ती रडत यांच्याकडे आली. "काका, मशीनला काही केलं होतं का?"

"उद्या बघून सांगतो," म्हणाले. घरी आले ते ताटावरून तसेच उठले. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बोलले. आणि मीच म्हटलं, "गप्प बसा. चौपन्नाव्या वर्षी कोण ठेवणार तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी यांनी तिला सांगितलं, काही केलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी सरांनी तिचं काम बंद केलं. तेव्हा मात्र हे मला न विचारता सरांकडे गेले, सगळं लिहून दिलं. सरांनी तिला परत बोलवायचं कबूल केलं, यांना कायमचं घरी पाठवलं. मग हे म्हणाले, किर्तीला तोंडाने सांगायला हवं. मीही बरोबर गेले.

ती दुकानात जीन्सचे धागे कापत बसली होती. यांनी सांगितलं. कात्री खाली ठेवून तिने विचारलं, "मी रडत होते, तुम्हाला माहीत होतं. मग 'नाही' का म्हणालात, काका?"

यांनी एकदा जरी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी बोलले असते. पाहिलं नाही.

"घाबरलो," एवढंच म्हणाले.

आणि मी मेली, तेवढ्यावर सुटले.