बांधावरची रेघ

वडिलांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा थोरलीने आधी बोट ठेवलं आणि विहिरीकडची काळी माती उचलली. धाकटीच्या वाट्याला ओढ्याकाठचा खडक आला. "तुला काय गं, तुझा नवरा नोकरीवाला," असं थोरली म्हणाली आणि धाकटी मुकाट्याने हो म्हणाली.

पंधरा वर्षांत शहर पसरत पसरत त्या जमिनीला येऊन भिडलं. थोरलीचं चौकात शिवणकामाचं दुकान होतं. पालिकेत नवा आराखडा लागलाय, ही बातमी एका गिऱ्हाइकाने आणली. ती गळ्यातली टेप न काढताच धावली. नकाशात धाकटीचा खडक पिवळा रंगवला होता, म्हणजे तिथे घरं उठणार. थोरलीची काळी माती हिरव्या पट्ट्यात. तिथे शेतीशिवाय काही नाही. मधली रेघ नेमकी दोघींच्या बांधावरून गेली होती.

"ही रेघ कुणी मारली?"

"मी नाही, बाई," खिडकीतला कारकून म्हणाला. "हरकत असेल तर महिन्याभरात अर्ज द्या."

त्याच संध्याकाळी धाकटी दुकानात आली, हसत हसत. "ताई, माझं मार्गी लागलं ना, की तुला नवं मशीन घेऊन देईन."

थोरलीला मिरच्या झोंबल्या. शेंबूड पुसून जिला वाढवली, ती आता आपल्याला देणार आणि आपण घेणार!

नवरा म्हणाला, आपल्याही जमिनीचा रंग बदला म्हणून अर्ज कर. तिने अर्ज लिहिला, पण धाकटीच्या जमिनीवर हरकत घेणारा: ओढ्याला पूर आला की तिथे कमरेइतकं पाणी चढतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. नवऱ्याने दोनदा वाचला.

"अगं, यात आपलं काय भलं होणार?"

"काही नाही. तिचंही होऊ नये."

साहेब पाहणीला आले. झाडांच्या बुंध्यांवर गाळाच्या खुणा होत्याच. तीन महिन्यांनी पक्का आराखडा लागला, दोन्ही तुकडे हिरवेगार. दोन दिवस थोरली गुणगुणत शिवत होती.

तिसऱ्या दिवशी धाकटी आली. हातात हरकतींची छापील यादी, अर्जदारांच्या नावांसकट.

"पाणी चढतं हे खरंय, ताई. आधी मला सांगितलं असतंस तर? तिथे मी विकायला नाही, राहायला घर बांधणार होते."

"निर्णय पालिकेचा आहे," थोरली म्हणाली. मशीनवरून मान वर झाली नाही. धाकटी यादीची घडी घालून निघून गेली.

शाळा सुरू व्हायच्या आधी भाचीचा गणवेश दरवर्षी थोरलीच शिवायची. यंदा तिने आठवडाभर कुणाचं काम घेतलं नाही. कापड आलं नाही. मग एका सकाळी भाची रस्त्यावर दिसली, नव्या गणवेशात. थोरली भराभर चालून तिच्या मागे गेली, घडी न् घडी निरखली. चौकापलीकडच्या शिंप्याचा हात. एक टाका वाकडा सापडेना.

आता त्या शिंप्याच्या दारावरून जाताना ती आत डोकावते. धाकटी तिथल्या स्टुलावर बसून गप्पा मारताना दिसली, की त्या दिवशी तिला जेवण जात नाही.