चरखीच्या अलीकडे

आमच्या ह्यांना, म्हणजे अविनाश देवस्थळींना, लोकांची कामं अंगावर घ्यायची भारी हौस. करोल बागेतली भाड्याची खोली सोडून आम्ही त्र्याण्णव साली शहराबाहेर वैशाली कॉलनीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. तिथे बाल्कनी होती, केबल टीव्ही होता, पण चालायला इंचभर जागा नव्हती. त्यातच ह्यांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. आता चालायचं कुठे? रस्त्यावर ट्रकांच्या मधून?

कॉलनीच्या मागे नाल्याकाठी मोकळी पट्टी होती. तिथे ट्रॅक करून घ्यायचाच असं ह्यांनी मनावर घेतलं. पुढची तीन-चार वर्षं सरकारी कचेऱ्यांचे खेटे घातले. ऑफिसातून दमून आलेला माणूस चहा पिऊन पुन्हा लोकांची दारं वाजवायला निघायचा. मी चिडायचे. तुम्हाला इथली पाटीलकी कोणी दिलीय, म्हणायचे. अवनी, आमची मुलगी, तीही कंटाळली होती. बाबा, छोड़ो ना, म्हणायची. पण ट्रॅक झाला. पायऱ्या नकोत, उतार करा, म्हाताऱ्यांनाही येता आलं पाहिजे, हा हट्टही ह्यांचाच.

सकाळी लोक चालायला लागले आणि स्कूटरवाल्यांना शॉर्टकट सापडला. एकाने तळमजल्यावरच्या मिसेस खन्नांना उडवलं. त्यांचा खुबा मोडला. हे इतके संतापले की दोन्ही टोकांना लोखंडी चरखी बसवून घेतली. माणूस फिरवून आत जाईल, स्कूटर जाणार नाही. त्या दिवशी सगळ्यांना मीच चहा केला.

पुढच्या वर्षी मला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. काही महिन्यांनी वॉकर धरून पाऊल टाकू लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज सपाट जागेवर चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल. हे मोठ्या उमेदीने मला ट्रॅकवर घेऊन गेले. चरखीत वॉकर मावेना. ह्यांनी तो उचलून पलीकडे ठेवला, पण चरखीत एका वेळी एकच माणूस मावतो, आणि मला धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. मी मध्येच अडकले. मागे लोक खोळंबले. ह्यांनी मला मागे ओढून घेतलं आणि आम्ही घरी आलो.

चरखी काढा म्हणून हे कॉलनीच्या कमिटीकडे गेले. मिसेस खन्ना काठी घेऊन समोरच बसल्या होत्या. सेक्रेटरी म्हणाले, "देवस्थळीजी, आपने ही तो लगवाई थी." बाजूला रुंद फाटक करू, असं ठरलं. कधी, ते पुढच्या मीटिंगमध्ये बघू म्हणाले. अशा किती मीटिंगा झाल्या, मी मोजायचं सोडलं.

मग ह्यांनीही ट्रॅकवर जाणं बंद केलं. तुझ्याशिवाय आत पाय ठेवणार नाही म्हणे. शुगर वाढली, पायांना मुंग्या येऊ लागल्या. मला असा संताप आला! एकाचं आजारपण कमी होतं का, की दोघांनी अंथरूण धरायचं? काल मी स्पष्ट सांगितलं, "तुम्ही चाला. दोघांपैकी एकाचे तरी पाय धड राहू देत. अवनी तिच्या सासरी. मला उचलायला कोण आहे दुसरं?"

आज सकाळी त्यांनी मला चरखीच्या अलीकडे खुर्ची टाकून बसवलं आणि एकटे आत गेले. लोकांनी थांबून नमस्कार केला, बऱ्याच दिवसांनी दिसलात म्हणाले. हे मान खाली घालून भराभर चालत राहिले. माझ्या समोरून जाताना प्रत्येक वेळी नाल्याकडे बघायचे. मला त्यांची फार दया आली. मी डावा हात वर करून हलवला, पुन्हा हलवला. त्यांनी पाहिलं नाही.