बारा घमेली

गिलाव्याच्या परीक्षेत नापास व्हायला दोन वाटा होत्या. माल कमी पडला तर नापास, आणि दोन घमेल्यांहून जास्त उरला तरी नापास. भिंत मोजायची, हिशेब करायचा, चिठ्ठीवर घमेल्यांचा आकडा लिहून सही करायची. तेवढाच कालवलेला सिमेंट-वाळूचा माल मिळायचा. मास्तरांकडं पुन्हा मागायला जायची कुणाची छाती नव्हती.

वर्गात सगळे जिला वहिनी म्हणत, तिनं अठरा वर्षं गवंडी नवऱ्याच्या हाताखाली माल वाहिला होता. आता मानेनं दगा दिला. डावा हात मुंग्यांनी भरून जायचा. डॉक्टर म्हणाले, डोक्यावरचं ओझं बंद. त्यांना बोलायला काय जातंय! कंत्राटदारानं मात्र शब्द दिला होता, "पास झाल्याचा कागद आण, सोमवारपासून गिलाव्यावर घेतो. नाहीतर घमेलं आहेच." म्हणून ही बाई चाळिशीत फूटपट्टी घेऊन आकडेमोड करायला बसली.

सकाळी नवरा म्हणाला होता, "नजर टाकली की भिंत किती खाणार ते कळतं. त्याला परीक्षा कशाला?"

"कळतं ना? मग रोज संध्याकाळी 'आणखी दोन आण' म्हणून कोण ओरडतं?"

त्यावर त्यानं चहात तोंड घातलं.

तिच्या वाट्याला आलेली भिंत दहा फूट बाय आठ, मधे तीन बाय चारची खिडकी. खिडकी वजा करून अडुसष्ट चौरस फूट. जाडी अर्धा इंच, वर खळग्यांसाठी पाचवा हिस्सा. एका घनफुटात किती घमेली बसतात, ते प्रत्येकानं आदल्या दिवशी स्वतः घमेली भरून, पेटीत ओतून मोजलं होतं. तिची साडेतीन बसली होती. तिनं हिशेब तीनदा केला, तिन्ही वेळा बारा आलं.

शेजारच्या भिंतीवर सुतार होता. लाकडाचं काम सोडून गिलाव्याकडं वळलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. त्यानं तिच्या चिठ्ठीत डोकावून पाहिलं. "बाराच? वहिनी, भिंत उपाशी मरेल. मी पंधरा लिहिलेत."

तिनं आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. पण हिशेब काही सुतारानं घातलेल्या भीतीनं बदलत नाही. तिनं सही केली.

वरून सुरुवात झाली. सात घमेली संपेपर्यंत हात छान चालला. आठवं रिकामं झालं तेव्हा तिनं मागं सरून पाहिलं. जेमतेम अर्ध्याहून थोडी जास्त भिंत झाली होती. तिनं खिळा टोचून जाडी तपासली. अर्धा इंच, बरोबर. मग माल जातोय कुठं?

"पातळ लाव," सुतार कुजबुजला. "वरून कुणाला दिसतंय?"

दिसत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पुढं महिन्याभरात तडे जातात आणि तेव्हा गवंडी दुसऱ्या गावाला असतो. सोमवार डोळ्यांपुढं नाचत होता. थापी दोनदा हलकी पडली. दोन्ही वेळा तिनं तो भाग खरवडून पुन्हा अर्धा इंच लावला. बारावं घमेलं संपलं तेव्हा खिडकीच्या उजवीकडं, खालच्या कोपऱ्यात, विटा उघड्याच राहिल्या.

मास्तर आले. भिंतीवर टकटक करून पाहिलं, चार ठिकाणी खिळा टोचला, चिठ्ठीवरचा हिशेब वाचला.

"गणित चोख आहे. मग माल गेला कुठं?"

"मला कळलं असतं तर कोपरा उघडा ठेवला असता का मी," ती म्हणाली आणि जीभ चावली.

मास्तर हसले नाहीत. "ही वाळू. घमेलं भर."

तिनं भरलं. हातानं आपोआप काठाच्या वर शीग चढवली, वाळूचा छोटा डोंगरच. मास्तरांनी लाकडी पट्टी घमेल्याच्या काठावरून फिरवली, शीग शेजारच्या रिकाम्या घमेल्यात पडली. "आम्ही सपाट देतो. तू शिगेनं मोजलंस. आणखी तीनदा भर."

प्रत्येक वेळी त्यांनी शीग पाडली. चौथ्या वेळी ते शेजारचं घमेलं काठोकाठ भरलं.

"असं भरायला कुणी शिकवलं?"

"नवऱ्यानं. शीग दिसली नाही तर कंत्राटदार परत पाठवायचा."

"आणि शिगेचं घमेलं तो किती धरायचा?"

"एक."

मास्तरांनी वहीत नापास लिहिलं. नियम म्हणजे नियम. पुन्हा परीक्षा महिन्यानं. म्हणजे सोमवारी घमेलं उचलणं आलंच.

ती खाली बसली. रडू येईल असं वाटलं होतं, पण राग आला. कंत्राटदाराचा आला, नवऱ्याचाही आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा. चारामागं एक घमेलं फुकट. अठरा वर्षं. मान तिचीच गेली होती.

"मास्तर, ही पट्टी महिनाभर द्याल?"

"घरी काय करणार?"

"घरी नाही. सोमवारी कंत्राटदारासमोर घमेलं भरायचंय."