शेवळाच्या पानावरचं नाव

गुप्ते बाई गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं केला, तेव्हा मी उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांची पोस्टर तपासत होते. फोन ठेवून पुढचं पोस्टर न तपासताच बाजूला सारलं.

याच प्रयोगशाळेत बाईंनी आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवलं. शेवटच्या वर्षी मी बारवी धरणाकडच्या रानभाज्यांवर पोस्टर केलं होतं. विद्यापीठाच्या स्पर्धेला जायचं म्हणून आईनं नवा ड्रेससुद्धा आणलेला. सरावाच्या दिवशी बाईंनी विचारलं, “शेवळाच्या भाजीत चिंच घालतात, हे कोणी सांगितलं?” तिथल्या आदिवासी वाडीतल्या एका आजींनी, म्हटलं. “त्यांचं नाव कुठेय?” मी लिहिलं होतं, ‘स्थानिकांकडून मिळालेली माहिती’. वर शहाणपणा केला, “मॅडम, एवढं कोण बघतंय?”

“मी बघतेय,” म्हणत त्यांनी पोस्टर गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. ते स्पर्धेला गेलंच नाही.

रविवारी त्या मला बदलापूरहून रिक्षानं वाडीवर घेऊन गेल्या. आजींचं नाव हौसाबाई वाघ. “माजा नाव लिवून काय व्हनार, बाय?” त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “आमची चूक निघाली, तर विचारायला कुठे यायचं ते कळेल.” मग त्यांनी माझं पोस्टर वाचून दाखवलं. आजी हसल्या. “चिंच तुमची शेरातली. आमी काकडा टाकतो, रानातला आंबट फळ, नायतर घसा खाजतो.” चिंच माझ्या आईच्या भाजीतली होती. ती मी खुशाल आजींच्या तोंडी घातली होती.

तरी स्पर्धा हुकल्याचा माझा राग गेला नाही. पुढे पीएचडीच्या प्रबंधात मी सगळ्यांचे आभार मानले, अगदी झेरॉक्सवाल्याचेसुद्धा. बाईंचं नाव मुद्दाम गाळलं. त्यांनी तो आपल्या अंबरनाथच्या घरी सावकाश वाचला आणि म्हणाल्या, “संदर्भ चोख आहेत हो, वृषाली.” मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती आता.

तेराव्याला सुनेनं त्यांची शिकवायची वही माझ्या हातात दिली. शेवळाच्या पानावर खाली लिहिलं होतं, ‘माहिती: हौसाबाई वाघ. त्यांच्यापर्यंत मला वृषालीनं नेलं.’

वही आता माझ्या टेबलावर, प्रबंधाशेजारी असते. चूक निघालीय, बाई... विचारायला कुठे येऊ?