फौजदाराचं औषध

मखमलाबादच्या मळ्यात नवसाबाईंच्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. शेवंती खुडायची त्यांनी, कॅरेट भरायचे त्यांनी, पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून फुलबाजारात जायचं तेही त्यांनीच. सिन्नरला दिलेली लेक प्रतिभा माहेरी आली की हौसेनं अष्टरच्या जुड्या बांधायला बसे. ती उठली की बाई त्या सोडून पुन्हा बांधत.

तीन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारापायी नवऱ्याची, लहानूंची, नजर गेली आणि घरातलं उरलंसुरलं कामही बाईंनी आपल्याकडे ओढून घेतलं. भाकरी कुस्करून ताटात, चपला पायाशी, तांब्या हातात. माया होती, त्यात खोट काढायला जागा नाही. पण त्या मायेपायी लहानू जे ओट्यावर बसले ते ओट्यावरचेच झाले. ते कुरकुर करत नसत. बाईंना वाटे, माणूस सुखात आहे.

त्यांना ओट्यावरून उठवणारा एकच होता, फौजदार. हा पांढरा राजहंस. मळ्यात परकं माणूस शिरलं की मान जमिनीसरशी करून अंगावर जायचा, म्हणून हे नाव. सकाळी तो ओरडत पुढं चाले आणि त्याच्या आवाजामागं काठी टेकत लहानू विहिरीपर्यंत जाऊन येत. दिवसातली तेवढीच वाट ते बाईंचा हात न धरता चालत.

एका सोमवारी फौजदार जागचा हलेना. नाकातून पाणी, चोच उघडी आणि श्वासाला घरघर. लहानूंनी दोनदा विचारलं, आज हाक का नाही देत? बाईंनी त्याला पाटीत घालून रिक्षानं पंचवटीत सरिता डॉक्टरांकडे नेलं. जनावरांच्या या डॉक्टर पाखरंही बघत. त्यांनी त्याचं वजन केलं, वजनावरून एका वेळचं औषध ठरवलं, बिनसुईची सिरिंज दिली आणि पाजायचं कसं ते सांगू लागल्या. बाई 'कळलं, कळलं' म्हणत बाटली पिशवीत टाकून निघाल्यासुद्धा. जन्मभर वासरांना पाजलेल्या बाईला कालची पोर काय शिकवणार?

घरी येऊन त्यांनी वासराला पाजतात तसंच पाजलं. मान वर, तोंड उघडं, बांबूची नळी आत आणि औषध एका दमात. फौजदारानं पंख आपटले, ठसका लागून त्याचे डोळे फिरले. बाईंनी त्याला सोडून दिलं. मान खाली टाकून तो किती तरी वेळ खोकत राहिला. लहानू ओट्यावरून विचारत होते, काय झालं, काय झालं.

"मी मारला असता त्याला," बाई म्हणाल्या.

त्याला घेऊन त्या उलट पावली डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी छाती तपासली आणि थोडक्यात निभावलं म्हणाल्या. मग चोच उघडून जिभेच्या मुळाशी उघडमीट करणारं भोक दाखवलं. ही श्वासाची वाट. औषध हिच्या बाजूनं, हिच्या मागं सोडायचं, थोडं थोडं, गिळेपर्यंत थांबून. मान मागं ओढायची नाही, छाती दाबायची नाही, ठसका लागला की सोडून द्यायचं. आणि हे एकट्याचं काम नव्हे, घरात दुसरं कोण आहे?

"आमचे हे हायेत," बाई अडखळल्या. "पण त्यांना दिसत नाय."

"धरायला डोळे कशाला लागतात?" डॉक्टर म्हणाल्या.

संध्याकाळी लहानू मांडी घालून बसले. बाईंनी फौजदाराला टॉवेलात पंखांसकट सैलसर गुंडाळून त्यांच्या मांडीवर दिला. इतक्या दिवसांत त्यांनी नवऱ्याच्या हाती काही सोपवायची ही पहिलीच वेळ, आणि सोपवला तो असा जीव. लहानूंनी एक हात अंगाभोवती ठेवला, दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या गळ्याला हलकेच टेकवली. बाईंनी चोच उघडून दोन थेंब सोडले आणि सवयीनं पुढचे सोडायला हात नेला.

"थांब," लहानू म्हणाले. "अजून उतरलं नाय."

बाई थांबल्या. त्यांना वरून काहीच कळत नव्हतं.

"उतरलं. आता दे."

पाच दिवसांचं औषध होतं, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी फौजदारानं दाणे टिपले, चौथ्या दिवशी पोस्टमनच्या अंगावर गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, बरा दिसला तरी औषध पुरं करायचं. अंगात जोर आल्यावर तो मांडीवर राहीना. लहानू त्याच्याशी काहीबाही बोलत राहायचे, तेव्हा कुठं तो मान खाली घ्यायचा. बाई ऐकत बसत. ओट्यावरच्या माणसाकडे एवढं बोलणं साठलं होतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. आपण याला सुखात ठेवलं की नुसतं ठेवून दिलं, या विचारानं त्यांना एका रात्री झोप लागली नाही.

पाचव्या दिवशी प्रतिभा आली. संध्याकाळी टॉवेल उचलत ती म्हणाली, बाबांना कशाला त्रास, मी धरते की.

"तू राहू दे," बाई म्हणाल्या. "त्यांच्याबिगर मला जमत नाय."

प्रतिभा आईकडे बघतच राहिली. लहानूंनी मांडी घातली आणि दोन्ही हात पुढं केले.