वरून खाली गुंडाळलेली टेप

त्याचं नाव दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत होतं, पण पाट्या वाचतंय कोण. ड्रायव्हर मंडळी त्याला टेस्टर म्हणत. वायरमध्ये वीज आहे की नाही ते दाखवणारी टोचणी असते ना, दांड्यात छोटा दिवा असलेली, ती चाळीस वर्षं त्याच्या शर्टाच्या खिशाला अडकलेली होती. लग्नाच्या फोटोतही दिसते म्हणतात. दिसत असेलही, माणूस तसाच होता.

पूर्ण बंद पडलेली गाडी दुरुस्त करायला अक्कल लागत नाही, असं त्याचं ठाम मत. खरी परीक्षा अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीची. रस्त्यात दगा देते आणि मेकॅनिकसमोर उभी केली की शहाण्यासारखी सुरू होते. अशा गाडीची लोक आधी बॅटरी बदलतात, मग स्टार्टर बदलतात, मग मेकॅनिक बदलतात. टेस्टर काहीच बदलत नसे. बिघाड आपल्यासमोर घडल्याशिवाय एकही भाग काढायचा नाही, हा त्याचा नियम. दिवसदिवस तो गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून हिंडायचा, आणि गाडी बंद पडली की खूश व्हायचा. आजूबाजूला हॉर्नचा कल्लोळ, गाडीवाला कपाळाला हात लावून बसलेला, आणि हा आपला हसतोय.

दुकान दोघा भावांचं. इंजिनाचं काम धाकट्याकडे, विजेचं टेस्टरकडे. वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. त्याला वाढवलं, शिकवलं, त्याच्या हातात पाना दिला तो टेस्टरनेच. वायरचा जोड कसा द्यायचा तेही त्यानेच शिकवलं. तारांना आधी घट्ट पीळ द्यायचा. मग टेप खालून वर गुंडाळत न्यायची, म्हणजे ती कौलांसारखी बसते आणि पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून जातं. शेवटी मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ, म्हणजे गरम झाली तरी टेप सुटत नाही. ती गाठ टेस्टरची स्वतःची, आणि शिकवली ती फक्त धाकट्याला. धाकटा पडला डावखुरा. गाठ झकास मारायचा, टेप मात्र कायम वरून खाली गुंडाळायचा. अरे, पाणी आत मुरेल, म्हणून टेस्टरने त्याला किती वेळा झापलं असेल त्याला गणती नाही. धाकटा हसायचा आणि पुन्हा तेच करायचा. शेवटी टेस्टरने नाद सोडला.

अलीकडे टेस्टरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. लाल वायर आणि तपकिरी वायर त्याला सारखीच दिसायला लागली. आता वायरिंग करणाऱ्याने हे सांगायचं कुणाला? बोटांनी चाचपून तो वेळ मारून नेत होता. एकट्या धाकट्याला त्याने सांगितलं, तेही कुणाजवळ बोलायचं नाही अशी शपथ घालून. धाकट्याचे डोळे भरून आले. डॉक्टर त्यानेच शोधला, जायला गाडी त्यानेच ठरवली, आणि दादा तू निवांत डोळे दाखवून ये, दुकान मी बघतो, म्हणाला. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, हे टेस्टरने वाटेत त्या गाडीवाल्याला तीनदा ऐकवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनींची पिकअप त्रास द्यायला लागली. वहिनी म्हणजे टेस्टरच्या जिवलग दोस्ताची बायको. दोस्त दोन वर्षांपूर्वी गेला, आणि वहिनींनी पदर खोचून स्टिअरिंग हातात घेतलं. दोन हॉस्पिटलांच्या चादरी धुवायला आणायच्या आणि सकाळी आठच्या आत पोचवायच्या, हे त्यांचं काम. पिकअप डिझेलची, जुनी, पण दणकट. दोस्त असताना टेस्टरने तिचं सगळं वायरिंग नवं केलं होतं. त्यातला जोड न् जोड त्याच्या हातचा.

ही पिकअप चालता चालता गप्प व्हायची. इंजिन बंद, काही केल्या सुरू होत नाही. दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी निघायची. वहिनी तीनदा दुकानात आल्या. टेस्टरने बॅटरीची टोकं घासली, अर्थिंग पाहिलं, फ्यूज पाहिले, चावीचा स्विच पाहिला. गाडीत बसून गावभर हिंडला. पण त्याच्यासमोर ती बया बंद पडेल तर शपथ. वायरींच्या जुडग्याकडे मात्र त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तिथे काय बघायचं, ते माझंच काम आहे, हा त्याचा ताठा. आणि इथेच त्याचं चुकलं.

इकडे हॉस्पिटलवाल्यांनी वहिनींना बजावलं की आता एकदा जरी उशीर झाला तरी काम दुसऱ्याला देऊ. तिकडे गाड्यांच्या अड्ड्यावर टेस्टरचाच फ्यूज उडाला म्हणून चेष्टा सुरू झाली. धाकटा मध्ये पडायचा. दादाला काही बोलू नका, वय झालंय त्याचं, असं म्हणायचा. टेस्टरला वाटायचं, भाऊ आपली बाजू घेतोय. पण ते ऐकून हसणारे जास्तच हसायचे.

शेवटी वहिनींनी हात टेकले. शनिवारी पिकअप विकायचं ठरलं. घेणार कोण, तर धाकटा. त्याचा जावई कामधंद्याशिवाय घरी बसून होता. गाडी आणि तिच्याबरोबर चादरींचं काम, दोन्ही त्याला मिळवून द्यायचं धाकट्याने ठरवलं होतं. टेस्टरला त्यात वावगं वाटलं नाही. पण आपल्या हातचं वायरिंग, आपल्या दोस्ताची गाडी, आणि आपल्याला दोष सापडत नाही म्हणून वहिनींच्या तोंडचा घास जायचा, हे त्याला सहन होईना. त्याने वहिनींकडे शुक्रवारचा एक दिवस मागून घेतला.

शुक्रवारी सकाळी चादरी पोचवून झाल्यावर दोघं निघाले. त्याआधी टेस्टरने एक लांब वायर घेतली आणि तिचं एक टोक डिझेलच्या पंपाला जिथून वीज मिळते तिथे जोडलं. दुसरं टोक खिडकीतून आत घेऊन त्यावर आपला दिवा लावला आणि तो वहिनींच्या समोरच्या आरशाला बांधला. त्या पंपाची वीज तुटली की डिझेल अडतं आणि इंजिन बंद पडतं. म्हणजे हिशोब सोपा. गाडी बंद पडताना दिवा लागलेला राहिला तर दोष डिझेलचा, दिवा विझला तर वायरिंगचा. तो म्हणाला, वहिनी, रस्ता जितका खराब सापडेल तितका बरा.

खडीच्या रस्त्यावर चौथ्या फेरीला इंजिन बंद पडलं. टेस्टर एकदम सरळ बसला. दिवा आहे का, त्याने विचारलं. वहिनी म्हणाल्या, विझला. मग त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, कारण दिवा त्याच्या नाकासमोर दोन हातांवर होता.

"भावोजी," त्या हळूच म्हणाल्या, "धाकटे भावोजी बोलले होते मला. तुम्हाला आता दिसत नाही, तुमच्या भरवशावर गाडी ठेवू नका, म्हणून."

 शपथ घातली होती टेस्टरने धाकट्याला. पण ते नंतर. गाडी आत्ता बंद आहे, तोवरच दोष हाती लागणार, हे चाळीस वर्षांचं अंगवळण. तो उतरला, बॉनेट उघडलं, हात पँटला पुसले, आणि पंपाकडे जाणारा जुडगा वरून धरून अंगठा खाली सरकवत आणायला लागला. आपल्या जोडांवरून अंगठा वरून खाली कसा तेलावरून फिरल्यासारखा जातो. पहिला जोड तसा गेला. दुसरा गेला. बॅटरीच्या खाली, जिथे डोळसालाही वाकल्याशिवाय दिसत नाही, तिथे अंगठा अडला.

तिथे जोडच असायला नको होता. टेपच्या कडा वर तोंड करून होत्या, प्रत्येक वेढ्याला नख अडकत होतं. टेस्टरने बोट आणखी खाली नेलं. शेवटी मेणाच्या दोऱ्याची गाठ होती, झकास मारलेली.

तो तसाच वाकून उभा राहिला. वहिनींना वाटलं, कंबर धरली. त्याने पुन्हा अंगठा वर नेला, पुन्हा खाली आणला, आणि तिसऱ्यांदाही तेच केलं, कारण आपली बोटंही आता आंधळी झाली असावीत असं त्याला मनापासून वाटत होतं. मग त्याने दोरा कापला आणि टेप उलगडली. वायर मुद्दाम तोडलेली होती. दोन्ही टोकं पीळ न देता नुसती शेजारी शेजारी ठेवून वर टेप लावलेली. गाडी गरम होऊन धक्का बसला की ती लांब जात, थंड झाली की पुन्हा चिकटत. हे काम जमायला हात चांगला लागतो. तो हात त्यानेच घडवला होता.

हे कुणी केलं, वहिनींनी विचारलं.

"आमच्याच दुकानात झालंय," टेस्टर म्हणाला. "गाडी विकू नका."

तेवढा तुकडा त्याने कापून खिशात टाकला, नवा जोड दिला, टेप खालून वर गुंडाळली, गाठ मारली.  त्या दिवशी गाडी पुन्हा एकदाही बंद पडली नाही.

दुकानात धाकटा चहा ओतत होता. दादाचाही कप त्याने काढून ठेवलेला. टेस्टरने खिशातला तुकडा कपाच्या शेजारी ठेवला. धाकट्याने तो बघितला, पण उचलला नाही. काय आहे हे, असंही त्याने विचारलं नाही, आणि टेस्टरची उरलीसुरली आशा तिथेच संपली. त्याला रागही येईना. नऊ वर्षांचं ते पोर डोळ्यांसमोर येत होतं आणि त्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

"कधी केलंस?" त्याने विचारलं.

धाकट्याने किटली खाली ठेवली.

"तू डोळे दाखवायला गेला होतास, त्या दिवशी. वहिनींची गाडी ऑइल बदलायला आली होती."

मग तो भडाभडा बोलायला लागला. मुलीचे हाल बघवत नव्हते. जावयाला कुठे चिकटवायचं सुचत नव्हतं. वहिनींना काही बुडवणार नव्हतो, योग्य किंमत देणार होतो. गाडी आपल्याकडे आली की गुपचूप जोड नीट करणार होतो. टेस्टर ऐकत होता आणि त्याला दिसत होती ती दारात उभी राहिलेली भाड्याची गाडी, तिचं दार उघडून धरणारा भाऊ, आणि त्या गाडीत बसून वाटभर भावाचे गोडवे गाणारा आपण. इतकं मूर्ख त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

"मला वाटलं, तुला सापडणार नाही," धाकटा शेवटी म्हणाला.

चहावर साय धरली.  मग धाकट्याने मान खाली घालून, जुन्याच मायेच्या आवाजात सांगितलं की डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख बुधवारची मिळालीय, गाडी ठरवून ठेवलीय, काळजी करू नकोस.

"गाडी चालेल," टेस्टर म्हणाला. "पण या वेळी तूही सोबत चल. दुकान बंद ठेवू. किल्ली माझ्याकडे दे."

धाकट्याने वर बघितलं. इतक्या वर्षांत त्या दुकानाची किल्ली कुणी कुणाकडे मागितली नव्हती. त्याने जुडग्यातून ती सोडवली आणि भावाच्या तळहातावर ठेवली. टेस्टरने मूठ मिटली नाही. किल्लीच्या दातांवरून त्याने सावकाश अंगठा फिरवला, आणि ती दुकानाचीच आहे याची खात्री झाल्यावर खिशात टाकली.